बेचाळीस पावलं

कुंडलिकनं आयुष्यात एखादी गोष्ट सविस्तर सांगितली असेल तर शपथ! समोरचा माणूस अर्धा तास तोंडाचा पट्टा चालवू दे, हा बाबा बायकोच्या तळहातावर बोटानं चार अक्षरं काढणार आणि मोकळा होणार. थोरल्या नणंदेनं फोनवर तासभर सुनेची गाऱ्हाणी सांगितली, तर सारजाबाईच्या हातावर आलं, 'बरी आहे.' ग्रामसभेत कुणी दोन तास भाषण ठोकलं, त्याचं झालं, 'पाणी येईल.' आणि पाणी काही आलं नाही, ती गोष्ट वेगळी.

"एवढंच बोलला व्हय त्यो माणूस?" सारजाबाई विचारायची. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळं ती कुजबुजली तरी शेजारच्या ओट्यावर ऐकू जायचं. कुंडलिक मग तिच्या हातावर दोन टिचक्या मारायचा. म्हणजे हो.

सारजाबाईचे कान नवव्या वर्षी तापात गेले. तिसरीत होती, अक्षरं लिहितावाचता येत होती, बोलता येत होतं, तेवढं तिच्याकडं राहिलं. डोळे मात्र दगाबाज निघाले. लग्नानंतर कडेकडेनं अंधारत गेले आणि चाळिशीला पार मिटले. डिंगोरे गावातली माणसं म्हणाली, झालं, आता हिला एका जागी बसवून खायला घालायचं. कुंडलिक कुणाशी वाद घालत बसला नाही. त्यानं बाजारातून दोरीचं भेंडोळं आणलं आणि दारापासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून संडासापर्यंत डांब रोवून ताणून बांधलं. दोरीवर हात ठेवायचा आणि चालू पडायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे सारजाबाई एकटी गोठ्यात जाऊन शेण काढून आली, आणि मग ओट्यावर बसून घळाघळा रडली.

बावीस वर्षं झाली त्याला. मधल्या काळात गावाभोवती बिबट्या वाढला. आता जुन्नर-आंबेगावात त्याची काही नवलाई राहिली नाही. उसात जन्मतो, उसातच मोठा होतो, आणि ऊस तुटला की वस्तीकडं येतो. तेव्हा कुंडलिकनं दोरीचं एक टोक लांबवून धाकट्या भावाच्या, गोरखच्या, पडवीत नेलं. तिकडं कुणाला जनावर दिसलं किंवा कुत्री बिथरली की त्यांनी दोरीला तीन हिसके द्यायचे. सारजाबाई वाटेत असली तर हाताला कळायचं आणि ती आल्या पावली मागं फिरायची. घरात असली तर दोरी खाटेच्या पायाला वेढा घालून गेली होती, खाट हलायची. आतापर्यंत दोनदा हिसके आले होते. दोन्ही वेळा बाई सुखरूप.

ही दोरी बघायला गेल्या दिवाळीआधी एका संस्थेच्या मॅडम आल्या. संस्था 'सावध गाव' नावाची योजना चालवत होती, बिबट्या आला की गावाला कळावं म्हणून. मॅडमनी डोळे गच्च मिटले, दोरी धरून गोठ्यापर्यंत गेल्या, आणि परत येताना दोरी सोडली तशा बादलीला अडखळून पडल्या. तिथंच त्यांना पटलं. ज्याचं जळतं त्याला कळतं, त्या म्हणाल्या, ज्याला दिसत नाही न ऐकू येत नाही त्यालाच आम्ही विचारायला पाहिजे. महिन्याभरात पत्र आलं. सारजाबाईला योजनेच्या समितीवर 'तज्ज्ञ सल्लागार' म्हणून घेतलं होतं.

गोरखला तर ऊत आला. "वहिनी, आता तुमी साहेबच झाल्या की राव! आमच्याकडं बघा म्हंजी झालं!"

'चिडवतोय,' कुंडलिकनं लिहिलं.

"चिडव म्हणावं," सारजाबाई म्हणाली, पण ते पत्र तिनं दिवसभर पदराखाली धरलं होतं. बासष्ट वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. भाजीत मीठ किती, हे सुद्धा नाही.

संध्याकाळी मात्र ती गंभीर झाली. "अहो, मला ठावं ते माझ्या अंगणातलं. दुसऱ्याच्या अंगणात काय हाय ते बघितल्याबिगर मी समितीत तोंड उघडायची न्हाई. माझ्यासारखं आणखी कुणी हाय का, ते मॅडमला विचारा."

होतं. पारगावला एक मुलगी होती, प्रतीक्षा नावाची.

दिवाळी सरली आणि दोघं नवरा-बायको एसटीनं निघाली. नारायणगावला बदली, मंचरला बदली, आणि शेवटी जीप. पारगाव आलं ते सारजाबाईला नाकानं कळलं. कारखाना सुरू झाला होता, हवेत मळीचा वास होता. मुलीचं घर गावाबाहेर, शेतात. बाप भागुजी कारखान्यावर कामाला, आई जानकाबाई दुसऱ्याच्या रानात रोजंदारीला. घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस.

प्रतीक्षा एकोणीस वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळं बोलणं नाही. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत राहून लिहायला-वाचायला शिकली, आणि बाराव्या वर्षापासून तिचेही डोळे अंधारत गेले तसेच, सारजाबाईसारखे, कडेकडेनं. शाळा सुटली. चार वर्षं ती घरात होती, आणि चार वर्षांत तिच्याशी नीट कुणी बोललं नव्हतं. बोलणार कसं? आई खुणा करायची, त्या तिला दिसत नव्हत्या. हाताला धरून जेवायला बसवायची, हाताला धरून झोपवायची.

सारजाबाईनं तिचा हात हातात घेतला तेव्हा तो आधी आखडला. मग सारजाबाईनं तळहातावर सावकाश अक्षरं काढली, 'मी पण.'

हात थांबला. मग पोरीचं बोट सारजाबाईच्या हातावर आलं. 'कान?'

'नाही.'

'डोळे?'

'नाही.'

आणि पोर हसली. सारजाबाईला ते कसं कळलं? पोरीचे खांदे गदागदा हलले. मग पुढं दोन तास त्या दोघींनी कुणाला जुमानलं नाही. कुंडलिक बिचारा ओट्यावर माशा मारत बसला. 'आई आता बारीक झाली का?' 'घराला रंग कुठला?' 'माझा भाऊ धम्मपाल पुण्याला काय करतो, मला कुणी सांगत नाही.' सारजाबाईनं कुंडलिकला आत बोलावलं, जानकाबाईला जवळ बसवलं, आणि तिचं बोट धरून पोरीच्या हातावर पहिलं अक्षर काढायला लावलं. जानकाबाई सातवी शिकलेली. तिनं लिहिलं, 'आई.' आणि तिला हुंदका आवरेना.

जाण्याआधी प्रतीक्षानं सारजाबाईला हात धरून उठवलं. तिला काहीतरी दाखवायचं होतं. चुलीजवळच्या दारातून बाहेर, धुण्याच्या दगडाला वळसा, पेरूच्या झाडाखालून, थेट संडासाच्या दारापर्यंत. प्रत्येक पावलाला ती सारजाबाईचं बोट दाबत होती. बेचाळीस पावलं. तेवढी वाट तिची स्वतःची होती. दिवसातून चार वेळा ती एकटी जायची न यायची, येताना पेरू चाचपून, हुंगून, पिकला असला तर तोडायची. बाकी सगळ्या दिवसात ती कुणाच्या तरी हातात होती.

आणि ती वाट पंधरा दिवसांपूर्वी बंद झाली होती. धुण्याच्या दगडापाशी बांधलेली शेळी बिबट्यानं दिवस उगवायच्या वक्ताला उचलली. तेव्हापासून दाराला कडी. जानकाबाई एका हातात विळा आणि दुसऱ्या हातात पोरगी धरून नेऊन आणायची, आणि ती रानात गेली की पोर आत.

'आई चांगली आहे,' प्रतीक्षानं लिहिलं. 'पण मला एकटी जायचंय. बेचाळीसच तर आहेत.'

ती वाट आता तिच्याही पायांना पाठ झाली होती. ती जानकाबाईकडं, म्हणजे जिकडं जानकाबाई असेल असं वाटलं तिकडं, तोंड करून म्हणाली, "जानकाबाई, तुमच्या पोरीची वाट मी तिला माघारी मिळवून देते. माझा शबुद." मग तेच पोरीच्या हातावर लिहिलं.

शब्द दिला! द्यायला काय लागतं?

समितीची बैठक घोडेगावला एका मंगल कार्यालयात होती. खुर्च्या, सतरंजी, चहाचा वास. आधी भोंगा दाखवला. खांबावर कॅमेरा, कॅमेऱ्यानं बिबट्या टिपला की भोंगा वाजणार आणि लाल दिवा फिरणार. भोंगा वाजला तेव्हा सारजाबाईच्या छातीत नुसतं गुरगुरलं, जवळून ट्रॅक्टर गेल्यासारखं. 'भोंगा. दिवा,' कुंडलिकनं लिहिलं. साहेबलोकांसमोर त्याचं बोट आणखीच आखूड झालं होतं.

मग तिच्या हातात माइक दिला. माइक डाव्या हातात, उजवा हात कुंडलिकच्या हातात. सारजाबाई उभी राहिली.

"तुमचा भोंगा चांगला हाय," ती म्हणाली. "ज्याला कान हायेत त्याच्यासाठी. दिवा बी चांगला हाय. पर माझ्यावाणी माणूस तुमच्या खांबाखाली उभं ऱ्हायलं आन् भोंगा बोंबलून फुटला, तरी त्याला कळायचं न्हाई. पारगावला एक पोर हाय. तिच्यासाठी तीन गोष्टी करा. संडास घराच्या भितीला लागून बांधा. तिथवर दोन्ही अंगानं आन् वरून जाळी मारून बोळ करा. आन् शेजारच्या घरापातूर दोरी बांधा. पर तिन्ही एकदम. नुसती दोरी दिली आन् जाळी न्हाई, तर पोर दोरी धरून नीट वाघाच्या तोंडात जाईल. ध्यानात घ्या. तिन्ही एकदम."

कुंडलिकनं लिहिलं, 'दोरी कशी, विचारतात.'

ते सांगून कळण्यासारखं नव्हतं, करून दाखवायला पाहिजे होतं. सारजाबाईनं पिशवीतून घरची दोरी काढायला लावली. एक टोक मॅडम हॉलच्या पार दुसऱ्या अंगाला घेऊन गेल्या. दुसरं टोक सारजाबाईनं हातात धरायचं, घरी धरते तसं. पण हात कुठं मोकळे होते? एकात माइक, एकात नवरा. "थांबा," ती म्हणाली, आणि तिनं दोरी पदरावरून कमरेला वेढली आणि गाठ मारायला लावली. "आता वढा."

मॅडमनी ओढलं. एक, दोन, तीन. सारजाबाई गर्रकन मागं फिरली आणि तीन पावलं चालून गेली. "बगितलंत? कळलं मला! भोंगा न्हाई, दिवा न्हाई. शेजारचं माणूस पायजे फकस्त!"

पायाखालची फरशी थरथरली. 'टाळ्या,' कुंडलिकनं लिहिलं. आणि मग, 'फोटो काढतात. हस.'

सारजाबाई हसली. का हसू नये? बासष्टाव्या वर्षी लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर अध्यक्ष साहेब उठले आणि बराच वेळ बोलले. सारजाबाईचा चहा पिऊन झाला, कप गार झाला, तरी साहेबांचं चालूच. शेवटी कुंडलिकच्या बोटाला वाचा फुटली. 'मान्य.'

"तिन्ही?"

दोन टिचक्या.

साहेब काय बोलले ते पुढं कधीतरी कळलं. सूचना अत्यंत मोलाच्या आहेत, तत्त्वतः मान्य आहेत, उपलब्धतेनुसार टप्प्याटप्प्यानं घेऊ. आता कुंडलिकला काय ठाऊक, की त्या वाक्यात 'मान्य' हा शब्द सगळ्यात हलका होता? त्यानं आपला तोच उचलला. सारजाबाईनं बैठकीच्या कागदावर वाकडीतिकडी सही केली, आणि एसटीत बसण्याआधी मॅडमच्या फोनवरून पारगावला निरोप धाडायला लावला, 'वाट मिळाली.'

मग नुसती वाट बघणं. पौष गेला, माघ गेला. सारजाबाई रोज विचारायची, कुंडलिक रोज एक टिचकी मारायचा. म्हणजे नाही. मॅडमना फोन केला की कळायचं, काम चालू आहे. कुणाचं, कुठं, देव जाणे.

शिमग्याच्या आधी एक मोठं पाकीट आलं. त्यात प्रमाणपत्र होतं, योजनेची छापील पुस्तिका होती, आणि पत्र. कुंडलिकनं पत्र वाचायला फार वेळ लावला. सारजाबाई हात पसरून बसली होती.

'दोरी मंजूर. गावोगाव वाटली.'

"आन् जाळी?"

'पुढं.'

"संडास?"

'पुढं.'

"पुढं म्हंजी कदी?"

कुंडलिकचं बोट हातावर टेकलं, पण अक्षर उमटलं नाही.

सारजाबाईचा असा संताप झाला, की तिनं प्रमाणपत्र भिरकावलं ते चुलीपाशी जाऊन पडलं. "ताटात मीठ वाढलं आन् भाकर फुडच्या वर्साला! म्या सांगितलं व्हतं ना, तिन्ही एकदम म्हणून? का म्या न्हाई सांगितलं?"

दोन टिचक्या. सांगितलं होतंस.

तिला शांत करावं म्हणून कुंडलिकनं लिहिलं, 'पुस्तकात तुझा फोटो. पहिल्याच पानावर. लई छान.'

"जळला त्यो फोटो!"

तिनं कुंडलिककडून पत्र लिहून घेतलं. एक समितीला, एक अध्यक्षांना, एक मॅडमना. मॅडमचा फोन आला. त्या रडवेल्या झाल्या होत्या म्हणे. त्यांनी वर दोनदा भांडून बघितलं होतं, त्यांचाही इलाज चालत नव्हता. बाकी दोन पत्रांना उत्तर नाही. सल्ला घेणाऱ्यांचं काम सल्ला घेतला तिथं संपतं. ज्यानं दिला तो मात्र बसतो उरावर धोंडा घेऊन.

आणि सारजाबाईला एका गोष्टीचं भय बसलं. पारगावला दोरी पोचली असणार. जानकाबाई भाबडी, तिनं ती दारापासून संडासापर्यंत बांधली असणार. पोर खूश होऊन एकटी निघाली असणार, दोरीला हात लावून, उसाच्या कडेनं. सारजाबाईला जेवण जाईना. "अहो, चला," ती म्हणाली. "जाळी व्हइस्तवर दोरी काढून ठेवा म्हणून सांगाय पायजे. चला, आत्ताच्या आत्ता."

पारगावात जीपमधून उतरली तेव्हा ऊन चढलं होतं. ऊस तुटून गेला होता, पाचट जाळल्याचा वास होता. तोडलेल्या उसातला बिबट्या कुठं गेला असेल, हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं पावलं उचलली. घराशी पोचल्यावर ती आधी आत गेली नाही. मागच्या दाराशी जाऊन तिनं हात लांब करून हवेत दोरी शोधली. या अंगाला नाही, त्या अंगाला नाही. डांब नाही. धुण्याच्या दगडापर्यंत ती चाचपत गेली. दोरी कुठंच नव्हती.

"बांधलीच न्हाई!" ती कुंडलिकला म्हणाली. "शानी हाय बाई. देव पावला." तिला हसू आलं.

मग ती आत गेली. प्रतीक्षानं तिचा वास ओळखला की चाल, कुणास ठाऊक, पण पोर येऊन तिच्या गळ्यातच पडली. सारजाबाईनं तिला पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवला, आणि हात कमरेपाशी अडला.

गाठ होती. गोठ्यातल्या जनावराला मारतात तसली, ओढली की आणखी आवळणारी. गाठीपासून दोरी निघाली होती. सारजाबाई ती दोरी हातात घेऊन तिच्यामागं गेली, भिंतीच्या कडेनं, फळीखालून, आणि तिचा हात स्वयंपाकघरातल्या लाकडी खांबाला लागला. तिथं दुसरी गाठ.

ती तशीच खांबाला धरून उभी राहिली. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय, हाताला चुकीचं कळतंय. तिनं दोरी पुन्हा चाचपली.

तेवढ्यात जानकाबाईनं तिचा हात धरला. आता जानकाबाईला हातावर लिहायचा सराव झाला होता, भराभर लिहीत होती. तिनं आधी सारजाबाईचा हात कपाळाला लावला. मग लिहिलं, 'तुमचे उपकार. पोर वाचली. फोटो बघून बांधली.'

"कसला फोटो?" सारजाबाई ओरडली. "अहो! कसला फोटो? हिकडं या! काय हाय त्या फोटोत?"

कुंडलिक आला. त्यानं तिचा हात घेतला, आणि बाई, उभ्या संसारात पहिल्यांदा त्यानं सविस्तर लिहिलं. दोरीबरोबर आलेली पुस्तिका जानकाबाईनं फळीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी जपून ठेवली होती. पहिल्या पानावर सारजाबाई. कमरेला दोरी बांधलेली. दोरी ताणलेली. पलीकडं ओढणाऱ्या मॅडम फोटोत आल्याच नव्हत्या. सारजाबाई हसतेय. आणि खाली छापलंय, 'तज्ज्ञ सल्लागार दोरीचा सुरक्षित वापर दाखवताना.' बाकी पुस्तिकेत दोरीबद्दल दुसरं काही नाही.

बावीस वर्षं सारजाबाईच्या लेखी दोरी म्हणजे हाताला कळते ती. ती दोरी बघणाऱ्याला कशी दिसेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. डोळस बाईनं ती गाठ मारलीच नसती. माइक ठेवला असता खाली आणि दोरी धरली असती हातात. एवढी साधी गोष्ट!

"तुमाला तर दिसत व्हतं," ती कुंडलिकला म्हणाली. "तुमी फोटो बगितला. मग का न्हाई सांगितलं?"

कुंडलिकनं लिहिलं, 'हसत होतीस. छान दिसत होतीस.'

तिनं हात काढून घेतला, पोरीजवळ गेली, आणि खाली बसून कमरेची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट झाली होती. नखं मोडली. दोन पदर सुटले, तेवढ्यात जानकाबाईचे दोन्ही हात तिच्या हातांवर येऊन पडले. भांडायला आलेले हात नव्हते ते, गार पडलेले होते.

'काल ठसे,' जानकाबाईनं लिहिलं. 'धुण्याच्या दगडापाशी. दोन.'

सारजाबाईची बोटं थांबली. आत्ताच ती त्या दगडापर्यंत चाचपत जाऊन आली होती.

'दाराची कडी ती उघडते,' जानकाबाई लिहीत राहिली. 'मी रानात. हे कारखान्यावर. शेजार लांब. कुणी हिसके द्यायचे?' आणि थोडं थांबून, 'तुम्ही सांगा. सोडू?'

आता बोला! तज्ज्ञ सल्लागार. साऱ्या तालुक्यात हिच्याएवढं या गोष्टीतलं कुणाला कळत नव्हतं, आणि हे खोटं नव्हतं. जाळी असती तर तिनं सांगितलं असतं. संडास भिंतीला असता तर सांगितलं असतं. शेजारी घर असतं तर तिनं दुपारपर्यंत डांब रोवून घेतले असते. पण खाली होते ठसे, हातात होती दोरी, आणि समोर एक आई विचारत होती. सोड म्हणावं तर पोर जाईल. सोडू नको म्हणावं तर काय उरलं?

तिनं ते दोन सुटलेले पदर पुन्हा हातात घेतले. आणि तिनं गाठ मारली. स्वतःच्या हातानं. कुंडलिकनं एकदा शिकवली होती तसली, ओढली तरी आवळत नाही ती. गाठीखाली पोरीच्या ओढणीचा घडी केलेला तुकडा सरकवला, काचू नये म्हणून. तेवढाच तिचा सल्ला शिल्लक होता, तो तिनं दिला.

'आधी रडली फार,' जानकाबाईनं तिच्या हातावर लिहिलं. 'दोन दिवस जेवली नाही. मग मी लिहिलं, मावशी पण बांधते. तेव्हापासून शहाण्यासारखी बसते.'

पोरीच्या हातावर असं लिहायला जानकाबाईला सारजाबाईनंच शिकवलं होतं.

प्रतीक्षा इतका वेळ गप्प उभी होती. मोठ्या माणसांचे हात तिच्या कमरेशी काय करतायत, ते तिला कळलं असेल नसेल. गाठीचं काम झाल्यावर तिनं सारजाबाईचा हात धरला, मागच्या खेपेसारखा, आणि तिला चालवायला लागली. प्रत्येक पावलाला बोट दाबत होती. एक, दोन, तीन. स्वयंपाकघर ओलांडलं. नऊ, दहा, अकरा. अकराव्या पावलाला सारजाबाईचा अंगठा मागच्या दाराच्या उंबऱ्याला लागला आणि पोर थांबली. दोरी ताणली होती. तिचा कंप सारजाबाईला पोरीच्या हातातून आला. बाहेरून पेरूचा वास येत होता.

'एवढंच,' पोरीनं लिहिलं. तक्रार नव्हती, नुसती माहिती दिली.

सारजाबाईला वाटलं, आता हिला सांगावं. सगळं सांगावं, फोटो, माइक, जाळी, साहेब, टप्पे. पण सुरुवात कुठल्या अक्षरापासून करायची तेच तिला सुचेना. तिचं बोट पोरीच्या तळहातावर टेकलं आणि कुंडलिकच्या बोटासारखं नुसतं टेकून राहिलं.

पोरीनं थोडी वाट बघितली. मग तिचा दुसरा हात आला आणि सारजाबाईच्या कमरेवर ठेवला गेला. निऱ्यांवरून फिरला, पदराखाली गेला, पाठीमागं जाऊन परत पुढं आला. सावकाश, घाई न करता, एक आख्खा वेढा. मग उलट्या बाजूनं आणखी एक.

हात थांबला. पोरीनं सारजाबाईचा तळहात उघडला आणि त्यावर लिहिलं, 'तुमची दोरी कुठंय?'